आधी बिब्बा, मग धुणं

"माहीत नाही हो कशाचा डाग आहे. आपोआप पडला."

आमच्या दुकानात दर दुसरं गिऱ्हाईक हे वाक्य बोलतच आत येतं. आपोआप! जणू डागांना पाय असतात आणि ते रस्ता ओलांडून, जिना चढून, बरोबर यांच्याच सदऱ्यावर येऊन बसतात. मी सदाशिव पेठेतल्या एका लॉन्ड्रीत डाग काढते. बाकीचे धुतात, वाळवतात, इस्त्री करतात, साडीला चरक म्हणजे रोल-प्रेस करतात. मी मागच्या टेबलाशी दिव्याखाली बसते आणि नुसता डाग बघते. बघते म्हणजे बोट फिरवते, पाण्याचा थेंब टाकते आणि वास घेते. हो, वास. लोकांच्या काखेशी, कॉलरशी, पदराशी नाक नेऊन माझं पोट भरतं, याबद्दल देवाचे आभार मानावे तेवढे थोडेच.

यातलं पहिलं शिक्षण असं, की डाग कशाचा ते कळल्याशिवाय हात घालायचा नाही. चहाचं औषध तेलाला चालत नाही. रक्ताला गरम पाणी लावलं की ते कायमचं बसतं. हळदीला साबण लावला तर ती लालभडक होते, आणि नवशिका "मेलो!" म्हणून ओरडतो, पण तोच कपडा उन्हात टाका, हळद आपली आपण उडून जाते. म्हणून आम्ही विचारतो, कशाचा आहे? आणि लोक खोटं बोलतात.

एकदा एक नवरदेव लग्नातला कोट घेऊन आला. सोबत नवी नवरी. कॉलरखाली लाल ओघळ.

"सॉस आहे," तो म्हणाला.

मी वास घेतला. त्याच्याकडे बघितलं. त्यानं छताकडे बघितलं. नवरीनं आम्हा दोघांकडे बघितलं.

"बरं, सॉस," मी म्हटलं.

ती दोघं स्कूटरपर्यंत गेली आणि नवरदेव रुमाल विसरल्याचं निमित्त करून पळत परत आला. "बाई, पान आहे. सोडलं असं सांगून लग्न केलंय हो!"

"आता निघेल," मी म्हटलं. आणि निघाला! पानातल्या कातासाठी वेगळं औषध असतं, सॉसच्या औषधानं तो जन्मात हलला नसता. रविवारी उपासनेत आपण सगळे मिळून पापांगीकार म्हणतो, म्हणजे आपली पापं कबूल करतो ना, तेव्हा मला दर वेळी तो नवरदेव आठवतो आणि हसू येतं. मग हसल्याचाही पापांगीकार करावा लागतो.

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, यंदाच्या अंकाचा विषय साळवेबाईंनी सांगितला तेव्हा मी हातच जोडले. 'पाप उरलेलं असताना ख्रिस्ती माणूस पवित्र होऊ शकतो का?' साळवेबाई आमच्या मंडळीच्या क्वायरच्या प्रमुख, निवृत्त शिक्षिका, आणि या अंकाच्या संपादकही त्याच. मी म्हटलं, "बाई, मी सातवी. यावर शिकलेली माणसं लिहितील." त्या म्हणाल्या, "ती लिहितायतच. कुणाला झोप आली तर उठवायला कुणीतरी हवं. तुम्ही लॉन्ड्रीवर लिहा." म्हणून लॉन्ड्रीवर लिहिते. विषय मध्ये आला तर त्याला बसायला जागा द्या.

माझं माहेर पार पूर्वेकडे, जंगलाला लागून. इथून निघालं की रात्रभर गाडी, मग एसटी, मग कुणाची तरी मोटारसायकल. सातवीनंतरची शाळा नदीपलीकडे होती. दादा म्हणाला, पोरीनं रोज नदी ओलांडायची नाही. झालं, शाळा संपली. पुढं लग्न झालं, आमचे हे हडपसरला कंपनीत लागले, आणि मी या शहरात आले. इथे लोक 'अहो' म्हणून अपमान करतात आणि 'आपण' म्हणून हाकलून देतात, हे समजायला मला बराच काळ लागला. पण याच शहरानं मला काम दिलं. मालकांनी डाग शिकवले. मंडळीनं तर पहिल्याच रविवारी न विचारता चहा दिला. साळवेबाईंनी गीताचं पुस्तक हातात धरून माझं वाचन सुधारलं. मी उपकारानं इतकी वाकलेली आहे, की सरळ उभी राहिले तर पडेन.

आता बिब्बा.

माझ्या माहेरच्या रानात बिब्ब्याची झाडं आहेत. आई दर वर्षी कुणाच्या तरी हाती पुरचुंडी पाठवते. बिब्बा सुईनं टोचला की काळा रस येतो. त्या सुईनं कपड्याच्या आतल्या शिवणीत खूण करायची आणि वर चुन्याचं बोट लावायचं. ती खूण कपडा फाटेपर्यंत जात नाही. साबण, पेट्रोल वॉश, ऊन, काही करा. रस बोटाला लागला तर कातडी उतते, म्हणून आधी खोबरेल चोपडायचं. एरवी गिऱ्हाइकांच्या कपड्यांना आम्ही कागदाची चिठ्ठी टाचतो. पण एकसारखे पांढरे कपडे ढिगानं आले, दवाखान्याचे कोट, हॉटेलचे सदरे, क्वायरचे झगे, की चिठ्ठी पाण्यात सुटते आणि मग कुणाचं काय याचा पत्ता लागत नाही. अशा कपड्यांना मी बिब्बा लावते. मालक पहिल्यांदा ओरडले, "काय चाललंय? कामात बिब्बा घालताय?" मी म्हटलं, "हो." तेव्हापासून आमच्या दुकानात बिब्बा घातल्याशिवाय काम सुरूच होत नाही!

आमच्या मंडळीच्या कपड्यांना मी क्रूस काढायला गेले होते. सुई घसरली, क्रूस वाकडा झाला, त्याची फुली झाली. तीच खूण कायम राहिली. पेपर तपासणारे चुकीच्या उत्तरावर मारतात, तसली फुली.

आता लेलेकाका. हे दुकानाजवळच राहतात, बँकेतून निवृत्त झालेत, आणि बोलतात ते पाटीवर लिहिल्यासारखं. एक दिवस पिशवी घेऊन आले. पिशवीचं तोंड किंचित उघडून मला आतलं दाखवलं. लालसर रेशीम.

"हा कद आहे. पूजेला नेसतो. निरांजनातलं तूप सांडलंय. हात न लावता डाग काढा."

"हात न लावता?"

"सोवळं आहे. हात लागला की ओवळं."

"काका, मग काय लांबून फुंकर मारू?"

"पद्धत आपली आपण ठरवा. बाहेर पाटीवर 'सर्व प्रकारचे डाग' असं लिहिलंय. हा त्यातला एक प्रकार."

आणि पिशवी घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात परत आले. पिशवी उघडली, दाखवली, मिटली. "सुचली का पद्धत?" "नाही हो काका." "विचार करा. घाई नाही." असं कितीतरी महिने चाललं. मला वाटतं, डाग हे निमित्त होतं, त्यांना बोलायला कुणीतरी हवं होतं. एकदा मी धीर करून विचारलं, "काका, सोवळं तर रोज मोडतं. मग रोज नेसायचा खटाटोप कशाला?"

"उद्या परत भूक लागणार म्हणून आज जेवायचं सोडतो का आपण?" एवढं बोलून ते पिशवीसकट निघून गेले.

मी त्यांना हसत होते खरी, पण आतून मला ठाऊक होतं की त्यांच्यापेक्षा मीच जास्त सोवळं पाळते. कारण पुण्यात आल्यापासून मी एकदाही प्रभुभोजन घेतलं नव्हतं.

बाहेरच्यांना सांगते. आमच्या उपासनेत भाकर आणि द्राक्षरस देतात. येशूनं आपल्यासाठी देह दिला, रक्त सांडलं, त्याची ती आठवण. लोक ओळीनं पुढे जातात, वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकतात. मी मात्र मागच्या बाकावर चपलेचा पट्टा नीट करत बसायचे. फार दिवस तोच पट्टा! कारण दादा. त्यानं माझी शाळा बंद केली, हे मी दर रविवारी देवासमोर माफ करायचे. अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी आणून. सोमवारी बस मगरपट्ट्यापर्यंत यायची आणि खिडकीतून दप्तर घेतलेल्या मुली दिसल्या की राग जिथल्या तिथे हजर! मग वाटायचं, असलं मन घेऊन पवित्र गोष्टीला हात लावायचा? ओवळं नाही का होणार? आधी राग पुरता निघू दे, मग जाऊ. आणि राग निघायचा नाही. फिका व्हायचा, निघायचा नाही.

पुढे जायच्या दिवसासाठी मी एक पांढरी साडीही घेऊन ठेवली होती. आमच्यात बायका प्रभुभोजनाला पांढरी नेसतात. डाग पडू नये म्हणून ती प्लॅस्टिकमधून कधी काढलीच नाही. गेल्या डिसेंबरात उघडून बघते तर काय, घडीघडीवर पिवळ्या रेघा! न नेसलेल्या पांढऱ्यालाही डाग पडतो, ठेवून ठेवून. हे मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आले आहे. स्वतःच्या कपाटाला सांगायचं राहून गेलं.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तू अजून पंगतीच्या बाहेरच बसतं काय वो बाई? काहून?"

"आई, मन साफ नाही."

"हात धुवून ये म्हणतेत पंगतीले, पोट धुवून ये नाही म्हणत. वाढणारा उभा आहे अन् तू चप्पल पाहत बसली. यंदाच्या नाताळाले जेव. माह्यासाठी जेव."

मी हो म्हटलं. साडीच्या रेघा काढल्या. आणि ठरवलं, या नाताळला पुढे जायचंच. पण नाताळच्या तोंडावर झगे आले.

साळवेबाईंनी क्वायरच्या सगळ्या झग्यांचं गाठोडं आणून टाकलं. "शुभ्र पाहिजेत हं. मागच्या वर्षी नाटकातल्या मेंढपाळांपेक्षा आम्हीच मळकट दिसत होतो." मी एकेक झगा घेतला, कॉलरच्या आत फुली तपासली, नव्या झग्यांना नवीन फुली मारली आणि सगळे मशिनला दिले. एका झग्याच्या बाहीत रविवारच्या शाळेच्या नाटकातली नाताळबाबाची टोपी कुणीतरी घाईनं कोंबून ठेवली होती. ती लाल होती. नवी होती. आणि तिचा रंग कच्चा होता.

मशिनचं दार उघडलं तेव्हा आमचा इस्त्रीवाला रामदास म्हणाला, "ताई, लग्न आहे का मंडळीत?"

गुलाबी! सगळे! पंगतीतल्या रंगीत बुंदीसारखे गुलाबी! मला आधी चक्कर आली, मग हसू आलं, मग रडू, आणि मग तिन्ही एकदम. आम्ही हायड्रो टाकून गरम पाण्यात घोळले. हायड्रो ही चढलेला रंग उतरवायची पावडर, तिचा वास असा की बोलायची सोय नाही. रंग उतरला, पण सगळा नाही. कापड मिश्र होतं. बुंदीवरून गुलाबाच्या पाकळीपर्यंत आला आणि तिथे अडून बसला. आणखी उकळावं तर कापड विरलं असतं. मालक म्हणाले, "थांबा आता." माझ्या धंद्यात सगळ्यात अवघड शब्द तोच, थांबा. जास्त घासणाऱ्याच्या हाती शेवटी भोक येतं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी साळवेबाई झगे न्यायला आल्या, सोबत उपासना घेणारे आमचे पाळकसाहेब. पाळकसाहेब गोल, हसरे, आणि लॉन्ड्रीत पाऊल टाकलं की शिंकणारे. नेमके तेव्हाच लेलेकाका पिशवी घेऊन काउंटरला टेकलेले. मी झगे पुढे ठेवले.

"स्ट्रॉबेरी," लेलेकाका म्हणाले.

"आपल्याला कुणी विचारलं?" साळवेबाई.

"कुणी नाही. सेवा मोफत आहे."

मी टोपी दाखवली, मशिन दाखवलं, हायड्रोचा डबा दाखवला, आणि बोलता बोलता वाहवत गेले. म्हटलं, "पाळकसाहेब, मी उद्या पुढे यायचं ठरवलं होतं. आता नाही येणार. माझ्या हाताला यशच नाही. ना कपडा पुरता स्वच्छ होतो, ना मन. मन तर दर सोमवारी परत मळतं."

रामदासनं इस्त्री उभी केली. पाळकसाहेबांनी एक झगा उचलला, उलटा केला, उजेडाकडे धरला.

"बाई, हा झगा कुणाचा?"

"आपल्या मंडळीचा."

"गुलाबी आहे की. आपले पांढरे असतात. आपला कशावरून?"

"अहो साहेब, कॉलरला फुली आहे ना! मीच मारलीय."

"अच्छा. कधी मारली? धुऊन स्वच्छ झाल्यावर?"

मला हसू फुटलं. लॉन्ड्रीतलं काही ठाऊक नसलेला माणूसच असं विचारणार. "धुतल्यावर कसली मारता साहेब? धुण्यात सगळ्यांचं एक झाल्यावर काय ओळखणार? आधी बिब्बा, मग धुणं! मळका असतानाच खूण करायची. खूण आहे म्हणून तर तो धुवायला घेतो. स्वच्छ झाला म्हणून खूण नाही मिळत त्याला, खूण आहे म्हणून..."

आणि मी थांबले.

पाळकसाहेबांच्या नाकात शिंक अडकली होती, ती त्यांनी माझ्यासाठी थोपवून धरली होती, आणि त्यांचा चेहरा झग्यापेक्षा गुलाबी झाला होता.

"म्हणून काय, बाई?" ते कसेबसे म्हणाले.

"म्हणून... पुन्हापुन्हा धुतात," मी म्हटलं. "टाकून देत नाहीत."

मग ती शिंक आली. दुकान हादरलं. मी हसायला लागले ती थांबेना. साळवेबाई हसायला लागल्या. ज्या शब्दाला मी इतकी वर्षं भीत होते, तो 'पवित्र' शब्द मला सोवळ्यासारखा वाटायचा, हात लागला की मोडणारा. तो तर फुलीसारखा निघाला! मी कुणाची, एवढंच सांगणारा. धुणं संपलेलं नाही, ते चालूच राहणार, पण ढिगात हरवायची भीती नाही. "म्हणजे मळलं तरी चालेल, असं नाही हं," साळवेबाई डोळे पुसत म्हणाल्या. शिक्षिका त्या शिक्षिकाच. मी म्हटलं, "बाई, आपल्या खुणेचा झगा चिखलात लोळलेला मला चालेल होय? उलट जास्त लागतं मनाला."

"चर्चा छान आहे," लेलेकाका म्हणाले, "पण माझ्या कदाचं काय?" आणि उत्तराची वाट न बघता गेले.

नाताळच्या सकाळी क्वायर गुलाबी झग्यात उभी राहिली. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, कुजबुज झाली. मागच्या बाकावरची एक आजी म्हणाली, "नवे शिवले वाटतं. शोभतायत." साळवेबाईंनी मान अशी ताठ केली की जणू हा रंग त्यांनीच निवडला होता.

प्रभुभोजनाची वेळ आली. माझा हात सवयीनं चपलेच्या पट्ट्याकडे गेला. पट्टा ठीक होता. नेहमीच ठीक होता. मी उठले. बसमधल्या त्या मुली आठवल्या, दादा आठवला, राग आला, हो, ऐन तेव्हासुद्धा आला! मी त्याला घेऊनच चालत गेले. कठड्याशी गुडघे टेकले. शेजारी साळवेबाईंची गुलाबी बाही. पाळकसाहेबांनी भाकर दिली, मग छोटी पेली दिली. ती तोंडाशी नेताना द्राक्षरसाचा एक थेंब पडला. पांढऱ्या पदरावर. छातीशी. सगळ्या शहराला दिसेल असा.

मी पदराकडे पाहिलं. माझा अंगठा आपोआप थुंकी लावून पुढे निघाला होता! "मीठ लावा लगेच," साळवेबाई प्रार्थनेतल्या आवाजात पुटपुटल्या. आणि वेदीसमोर, गुडघ्यांवर, डोळे मिटलेले असताना मला असं हसू आलं की कठडा हलला. पाळकसाहेब पुढच्या माणसाकडे गेले, पण त्यांचेही खांदे हलत होते.

दुपारी दादाला फोन लावला. "नाताळ सलाम, दादा." तो घाबरला. "काय झालं वो? बरी आहेस नं?" म्हटलं, बरी आहे. सोमवारी मगरपट्ट्याला राग परत आला. पण त्या रागाला बघून पूर्वी मी घाबरायचे, तशी आता घाबरत नाही. कशाचा डाग ते ठाऊक आहे. औषध चालू आहे.

नाताळनंतर एके दिवशी तीच साडी नेसून कामावर गेले. लेलेकाका आले. पिशवी काउंटरवर ठेवली आणि चष्मा वर करून माझ्या पदराकडे बघत राहिले.

"डाग काढणाऱ्या बाईंच्या पदराला डाग. दुकान बदलावं म्हणतो."

"तो ठेवायचाय काका."

"कशाचा आहे?"

या प्रश्नाला आजवर सगळ्यांनी मला खोटं उत्तर दिलं होतं. मी खरं दिलं. कुठे गेले, का भीत होते, काय प्याले, कसं सांडलं. काका ऐकत होते. मध्ये एकदाही टोमणा मारला नाही, म्हणजे तब्येत बरी नसावी असं मला वाटलं.

मग त्यांनी पिशवीचं तोंड उघडलं, आणि या वेळी मिटलं नाही. पिशवी उलटी केली. रेशमी कद काउंटरवर माझ्यापुढे ओघळला. तुपाचा डाग चांगला तळहाताएवढा होता.

"काका," मी म्हटलं, "हात लावावा लागेल."

"लावा," ते म्हणाले.